एकच ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर इथे जनुक चालू करतो, तिथे बंद करतो: डेटा वाचायचा कसा?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणजे डीएनएवर बसून जनुकांचं काम कमीजास्त करणारं प्रथिन; ते जीनोमवर कुठे बसलं आहे हे प्रतिपिंडाच्या मदतीने शोधतं ते चिप-सीक. अशा एकाच फॅक्टरचं चिप-सीक दोन वेगळ्या पेशीप्रकारांत केलं. दोन्हीकडे पीक्सखाली, म्हणजे फॅक्टर बसल्याच्या शिखरांखाली, मोटिफ (फॅक्टर ओळखतो तो छोटा डीएनए-क्रम) तोच निघतो. पण शिखरं जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी जुळतात. एसआय-आरएनए (जनुकाचा संदेश नष्ट करणारे छोटे आरएनए) वापरून फॅक्टर कमी केला आणि ७२ तासांनी आरएनए-सीक (प्रत्येक जनुकाच्या आरएनएची मोजणी) केलं, तर बदललेल्या जनुकांपैकी साधारण निम्मी खाली गेली आणि निम्मी वर. मग हा फॅक्टर जनुकं चालू करणारा म्हणायचा की दाबणारा? आणि शिखरं जुळत नाहीत म्हणजे प्रयोग फसला का?

यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. फॅक्टर कुठे बसतो, हा पहिला. बसल्यावर तिथे काय करतो, हा दुसरा. आणि त्याचा परिणाम नेमक्या कोणत्या जनुकापर्यंत पोचतो, हा तिसरा. 'संदर्भानुसार वागणं बदलतं' हे वाक्य तिन्ही ठिकाणी लागू पडतं, पण दरवेळी त्यामागची यंत्रणा निराळी असते आणि ती तपासायचा प्रयोगही निराळा असतो. हे तीन धागे सोडवले नाहीत तर 'संदर्भ' हा शब्द काहीही समजावून सांगत नाही, फक्त न समजलेल्यावर पांघरूण घालतो. एवढ्या माहितीवरून प्रयोग फसला असं मी म्हणणार नाही. पण फॅक्टरची भूमिका दुहेरी आहे, असंही म्हणणार नाही. ७२ तासांच्या यादीवरून तर नाहीच.

उत्तरातलं बरंच काही तुमचा फॅक्टर कोणत्या कुळातला आहे यावर अवलंबून आहे. पी-५३ ची शिखरं बऱ्याच पेशीप्रकारांत मोठ्या प्रमाणात सारखी दिसतात; ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरची शिखरं पेशी बदलली की बदलतात. म्हणजे 'पाचवा हिस्सा जुळला' हा आकडा एका फॅक्टरसाठी धोक्याची घंटा आहे आणि दुसऱ्यासाठी अगदी अपेक्षित. तुम्ही फॅक्टरचं नाव दिलेलं नाही, म्हणून मी दोन्ही शक्यता धरून लिहितो.

आधी पहिला धागा: फॅक्टर कुठे बसतो. इथे थोडा हिशेब केला की चित्र लख्ख होतं. गाटा कुळाचा मोटिफ घ्या: सुरुवातीला ए किंवा टी, मग जी-ए-टी-ए, शेवटी ए किंवा जी. सहा जागांपैकी चार पक्क्या, दोन अर्ध्या मोकळ्या. निव्वळ योगायोगाने हा क्रम १,०२४ जागांत एकदा येईल, आणि डीएनएचे दोन्ही धागे धरले तर ५१२ जागांत एकदा. मानवी जीनोम सुमारे ३.१ अब्ज बेसजोड्यांचा. भागाकार केला की ६० लाखांच्या आसपास जागा निघतात. लाल रक्तपेशी घडवणाऱ्या पूर्वपेशींत गाटा-१ प्रत्यक्षात बसलेला दिसतो तो हजारांच्या घरातल्या जागांवर. एकूण मोटिफच्या एक टक्काही नाही. तेव्हा मोटिफ ही बसण्याची परवानगी नव्हे. ती फार तर एक सोय आहे. फीमोसारख्या मोटिफ शोधणाऱ्या साधनात पी-मूल्याची मर्यादा १०⁻⁴ ठेवलीत तर संपूर्ण जीनोमवर पुरेशा लांब असलेल्या कोणत्याही मोटिफचे सहा लाखांच्या आसपास 'सामने' निव्वळ योगायोगाने मिळतील. त्यातले कुठले खरे, हे क्रम एकटा सांगू शकत नाही.

मग ठरवतं कोण? सर्वांत मोठा वाटा क्रोमॅटिनचा, म्हणजे डीएनए आणि त्याला गुंडाळून ठेवणाऱ्या हिस्टोन प्रथिनांच्या बांधणीचा. सुमारे १४७ बेसजोड्यांचा तुकडा हिस्टोनच्या गाभ्याभोवती जवळपास पावणेदोन वेढे घालून बसतो, तेव्हा मोटिफची एक बाजू हिस्टोनकडे वळलेली असते आणि बहुतेक फॅक्टरना तिथे पकड मिळत नाही. काही फॅक्टर मात्र अशा वेढ्यावर, म्हणजे न्यूक्लिओसोमवरही, पाय रोवू शकतात. त्यांना पायोनियर म्हणतात. फॉक्स-ए कुळ, गाटा-४, पीयू-१, ऑक्ट-४, सॉक्स-२ ही नेहमीची उदाहरणं. फॉक्स-ए च्या डीएनए-बंधक भागाची घडण लिंकर हिस्टोनच्या (न्यूक्लिओसोमच्या बाहेरून डीएनएला धरणाऱ्या हिस्टोनच्या) घडणीशी मिळतीजुळती आहे, हा योगायोग नाही. पण 'पायोनियर आहे म्हणजे कुठेही घुसेल' हा समज मला वारंवार भेटतो, आणि तो चुकीचा आहे. फॉक्स-ए१ स्वतःच स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींत बऱ्याच वेगवेगळ्या जागांवर बसतो. दाट हेटरोक्रोमॅटिन (घट्ट गुंडाळलेला, बहुधा बंद भाग) त्यालाही अडवतं, आणि शेजारी कोणते जोडीदार आहेत यावरही त्याचं टिकणं ठरतं.

दुसऱ्या टोकाला ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर आहे. हार्मोन दिल्यावर तो केंद्रकात जातो आणि बहुतांशी आधीपासून उघड्या असलेल्या जागांवरच बसतो. त्या जागा उघड्या ठेवणारा दुसराच कोणी असतो; उंदराच्या स्तनपेशींत हे काम मोठ्या प्रमाणात एपी-१ हा दुसरा फॅक्टर करतो. त्यामुळे अशा रिसेप्टरची शिखरं दोन पेशीप्रकारांत जुळली नाहीत, तर तो त्या पेशींच्या उघड्या क्रोमॅटिनचा नकाशा वेगळा असल्याचा पुरावा आहे, रिसेप्टर 'वेगळा वागल्याचा' नव्हे.

डीएनएवरचं मिथिलेशन, म्हणजे सी या अक्षराला जोडला जाणारा मिथिल गट, हा पुढचा थर. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे एच-१९ आणि आयजीएफ-२ या दोन जनुकांमधला नियंत्रक प्रदेश: आईकडून आलेल्या प्रतीवर मिथिलेशन नसतं, तिथे सीटीसीएफ हा फॅक्टर बसतो आणि आयजीएफ-२ ची एन्हान्सरशी (दुरून जनुक चालवणाऱ्या डीएनए-तुकड्याशी) गाठ तोडतो; वडिलांकडून आलेल्या प्रतीवर मिथिलेशन असतं, सीटीसीएफ बसत नाही आणि आयजीएफ-२ चालू राहतं. एकच पेशी, एकच क्रम, एकच फॅक्टर, आणि दोन प्रतींवर दोन वेगळे निकाल. एनआरएफ-१ सुद्धा मिथिलेशनला घाबरतो. मिथिलेशन करणारी एन्झाइम काढून टाकलेल्या भ्रूण-मूलपेशींत तो पूर्वी बंद असलेल्या जागांवर जाऊन बसतो. पण मिथिलेशन म्हणजे सरसकट अडथळा, असं धरू नका. होमिओडोमेन कुळातले अनेक फॅक्टर मिथिलेटेड सीजी (सी आणि त्यापुढे जी) असलेले क्रम उलट जास्त पसंत करतात. तुमच्या मोटिफमध्ये सीजी ही जोडी आहे का, एवढं आधी बघा. नसेल तर हा थर बहुतेक वेळा गौण असतो.

तिसरा थर जोडीदारांचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. भ्रूण-मूलपेशींत ऑक्ट-४ आणि सॉक्स-२ शेजारीशेजारी लागून असलेल्या दोन मोटिफवर एकत्र बसतात. एन्डोडर्मकडे (भ्रूणाच्या सर्वांत आतल्या थराकडे) वळणाऱ्या पेशींत सॉक्स-१७ येतो, आणि तो ऑक्ट-४ ला घेऊन ज्या क्रमावर बसतो त्यात दोन मोटिफमधलं अंतर फक्त एका बेसजोडीने कमी असतं. एका बेसजोडीमुळे ऑक्ट-४ चा पत्ता बदलतो. सुट्ट्या ऑक्ट-४ चा मोटिफ शोधत बसलात तर हा फरक कधीच दिसणार नाही, कारण तो मोटिफमध्ये नाही, दोन मोटिफमधल्या अंतरात आहे. हॉक्स प्रथिनांचंही तसंच: एकेकटी तपासली तर त्यांची आवड जवळपास सारखी दिसते, पण फळमाशीत एक्सडी हा जोडीदार आला की त्यांच्यातले सुप्त फरक बाहेर पडतात.

चौथी गोष्ट मात्रेची. फॅक्टर बाहेरून जास्तीचा व्यक्त करून चिप केलं असेल तर तो दुबळ्या जागाही भरून टाकतो. एका पेशीप्रकारात नैसर्गिक मात्रा आणि दुसऱ्यात प्लाझ्मिडवरून (बाहेरून घातलेल्या डीएनए-वर्तुळावरून) आलेली मात्रा, अशी तुलना असेल तर तिथेच थांबा. ती तुलना संदर्भाची नाही, मात्रेची आहे. दोन्हीकडे नैसर्गिक मात्रा असली तरी वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनाची मात्रा बघायची चाचणी) करून ती किती पट वेगळी आहे हे बघून ठेवा.

आता तुमच्या 'पाचवा हिस्सा' या आकड्याकडे येतो. शिखरांच्या दोन याद्यांचा वेन-आलेख काढून आलेला हा आकडा असेल, तर त्यावर फार विश्वास ठेवू नका. शिखर निवडणारं साधन प्रत्येक नमुन्यात हो-नाही असा निकाल देतं. मर्यादा ०.०५ असताना एका पेशीत क्यू-मूल्य (खोट्या निवडीच्या शक्यतेचं माप) ०.०४ आणि दुसऱ्यात ०.०६ आलं, की तीच जागा 'फक्त पहिल्यात' अशी नोंदली जाते. एका नमुन्यात प्रतिपिंड जरा कमी चालला किंवा रीड्स (वाचलेले डीएनए-तुकडे) कमी मिळाल्या, तरी जुळणी कोसळते. योग्य पद्धत अशी: सर्व नमुन्यांतल्या शिखरांचा एकत्र संच करा, प्रत्येक जागेवर प्रत्येक नमुन्यातल्या रीड्स मोजा, आणि मग डिफबाइंड किंवा डीईसीक-२ या सांख्यिकी साधनाने फरक तपासा. त्यातून 'दोन्हीकडे आहे पण कमीजास्त' हा तिसरा गट सुटा होतो, आणि अनेकदा तोच सर्वांत मोठा निघतो.

त्याआधी नमुने तुलनेयोग्य आहेत का ते पाहायला हवं. प्रत्येक पेशीप्रकारात किमान दोन स्वतंत्र जैविक नमुने, प्रत्येकी सुमारे दोन कोटी वापरण्याजोगे तुकडे, आणि शिखरांत पडणाऱ्या रीड्सचं प्रमाण निदान एक टक्का. एन्कोड या जीनोमच्या कार्याचा नकाशा करणाऱ्या प्रकल्पाचे निकष साधारण असेच आहेत. एका पेशीत हे प्रमाण आठ टक्के आणि दुसऱ्यात दीड टक्का असेल, तर जुळणी कमी येणारच. एकंदर बंधनच बदललं असण्याची शंका असेल तर ठरलेल्या प्रमाणात फळमाशीचं क्रोमॅटिन मिसळून त्यावर सामान्यीकरण करा. नाहीतर रीड्सच्या एकूण संख्येने भागताना खरा फरक पुसला जातो. प्रतिपिंडाची खातरजमा मी एकाच प्रकारे पुरेशी मानतो: ज्या पेशीत तो फॅक्टर काढून टाकला आहे, तिथे तेच चिप करायचं. फक्त आयजीजीचं (ठरलेलं लक्ष्य नसलेल्या प्रतिपिंडाचं) नियंत्रण पुरत नाही. कारण खूप जोरात चालणाऱ्या जनुकांवर जवळपास कोणत्याही प्रतिपिंडाने खोटी शिखरं उगवतात, आणि दोन पेशीप्रकारांत जोरात चालणारी जनुकं वेगळी असल्यामुळे ही खोटी शिखरं हुबेहूब 'पेशीनुसार बंधन' असल्यासारखी दिसतात. शिखराखाली मोटिफ नाही आणि जागा एखाद्या भरपूर व्यक्त होणाऱ्या जनुकाच्या अंगावर पसरलेली आहे, ही त्याची खूण.

मोटिफ नसलेली सगळीच शिखरं खोटी नसतात, हेही खरं. काही फॅक्टर दुसऱ्याच्या खांद्यावर बसतात. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर एपी-१ किंवा एनएफ-कप्पा-बी यांना धरून, स्वतः डीएनएला न शिवता, जनुकं दाबतो, असं बऱ्याच ठिकाणी मांडलं गेलं आहे. असं अप्रत्यक्ष बंधन पकडायचं असेल तर प्रथिन डीएनएला बांधून ठेवायला फक्त फॉर्माल्डिहाइड अपुरं पडू शकतं. आधी २ मिलिमोलर डीएसजी (प्रथिनांना एकमेकांशी बांधणारं रसायन) ३० ते ४५ मिनिटं आणि मग १ टक्का फॉर्माल्डिहाइड १० मिनिटं, असा दुहेरी बांध घालावा लागतो. अप्रत्यक्ष बंधन सिद्ध करायचं तर डीएनए-बंधक भागात उत्परिवर्तन केलेला फॅक्टर त्याच जागी अजून दिसतो का, हे पाहणं सर्वांत थेट.

इथवरचा गोषवारा असा: शिखरं न जुळण्याची कारणं क्रमाने तपासायची. आधी तांत्रिक दर्जा, मग मात्रा, मग उघडं क्रोमॅटिन, मग जोडीदारांचे मोटिफ, आणि सीजी असेल तर मिथिलेशन. उघड्या क्रोमॅटिनसाठी त्याच पेशींचं, त्याच वाढीच्या टप्प्यावरचं अटॅक-सीक हवं. नेहमीच्या पद्धतीला ५०,००० पेशी पुरतात. दुसऱ्या कोणाच्या डेटातलं अटॅक-सीक घेतलंत तर पेशींची घनता आणि माध्यम बदलल्यानेही नकाशा सरकलेला असतो. मग 'फक्त पहिल्या पेशीतली' शिखरं घ्या आणि दुसऱ्या पेशीत तीच जागा उघडी आहे का ते बघा. बंद असेल तर उत्तर क्रोमॅटिनमध्ये आहे. उघडी असूनही फॅक्टर बसत नसेल तर तो खरोखर रंजक गट. तिथे जोडीदार शोधा. मोटिफ शोधताना पार्श्वभूमी म्हणून यादृच्छिक जीनोम घेऊ नका. दोन्हीकडे समान असलेली शिखरं पार्श्वभूमी म्हणून घ्या आणि जीसी-प्रमाण (जी आणि सी अक्षरांचा वाटा) जुळवून घ्या. नाहीतर तुमच्याच फॅक्टरचा मोटिफ पुन्हा यादीत सर्वांत वर येईल आणि जोडीदार झाकला जाईल.

दुसरा धागा: बसल्यावर तो काय करतो. फॅक्टरला सक्रियक किंवा दमनकारी असं जन्मजात लेबल नसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फॅक्टर स्वतः आरएनए पॉलिमरेज (जनुकाची आरएनए-प्रत काढणारं एन्झाइम) हलवत नाही. तो सहकारी प्रथिनं बोलावतो, आणि कोणती येतील हे शेजारी ठरवतात. गाटा-१ लाल पेशींत ग्लोबिन जनुकं चालू करतो आणि गाटा-२ व किट ही जनुकं बंद करतो. चालू होणाऱ्या जागांवर त्याच्याबरोबर टाल-१ या फॅक्टरचा संच सापडतो. बंद होणाऱ्या जागांवरून टाल-१ निघून जातो. फॉग-१ (गाटा-१ चा सहकारी) दोन्हीकडच्या कामांत लागतो, त्यामुळे 'फॉग-१ आहे म्हणजे दमन' असं सोपं सूत्रही चालत नाही. फळमाशीच्या भ्रूणात डॉर्सल हा फॅक्टर ट्विस्ट जनुक चालू करतो, पण झेन जनुकाच्या नियंत्रकात त्याच्या जागांना लागून दुसऱ्या प्रथिनांच्या जागा असतात, तिथे ग्राउचो हा दमन करणारा सहकारी ओढला जातो आणि जनुक दाबलं जातं. तोच भ्रूण, तेच केंद्रक, तरी दोन टोकं. हे क्रमातच लिहिलेलं आहे, आणि म्हणून क्रम बदलून तपासता येतं.

डीएनएचा क्रम स्वतःसुद्धा प्रथिनाचा आकार थोडा बदलतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरच्या बंधक क्रमांत एकेका अक्षराचा फरक केला तर प्रथिनाच्या डीएनए-बंधक भागाची घडण आणि त्याचं कार्य बदलतं, आणि हा बदल बंधनाच्या ताकदीशी सरळ प्रमाणात नसतो. जोरात चिकटणारी जागा म्हणजे जोरात काम करणारी जागा, हे गृहीत म्हणूनच सोडून द्यावं लागतं.

जागा कुठे आहे यानेही फरक पडतो. एनआरएफ-१, एनएफ-वाय, एसपी-१ यांसारखे फॅक्टर प्रतिलेखनाच्या (डीएनएवरून आरएनए बनण्याच्या) आरंभबिंदूच्या आधी बसले तर आरंभाला मदत करतात, आणि आरंभबिंदूच्या अगदी जवळ किंवा पुढे बसले तर त्याच आरंभाच्या आड येऊ शकतात. म्हणून शिखराचं आरंभबिंदूपासूनचं अंतर मोजताना चिन्ह टाकून देऊ नका. ३० बेसजोड्या आधी आणि ३० बेसजोड्या पुढे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आरंभबिंदू त्या पेशीतला प्रत्यक्ष मोजलेला घ्या. नोंदीतला आरंभबिंदू अनेक जनुकांत खऱ्यापासून दूर असतो.

हे सगळं एकत्र किती खोलवर जातं याचा अंदाज यायला फळमाशीच्या पेशींत झालेलं एक मोठं काम उपयोगी आहे: ८१२ नियामक प्रथिनं, २४ वेगवेगळ्या एन्हान्सरच्या संदर्भांत, एकेक करून तपासली गेली. काही प्रथिनं सगळीकडे सारखी वागली, तर अनेकांचा परिणाम एन्हान्सर बदलला की बदलला. म्हणजे संदर्भानुसार बदल हा अपवाद नाही, पण तो सर्वांना लागू असलेला नियमही नाही. तुमचा फॅक्टर कोणत्या गटात बसतो हे मोजूनच ठरवावं लागेल.

आता तुमच्या 'निम्मी वर, निम्मी खाली' या निकालाकडे. इथे मी जास्त वेळ घेतो, कारण सर्वांत जास्त चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात. एसआय-आरएनए दिल्यानंतर प्रथिन पुरेसं खाली यायला एक-दोन दिवस जातात. ७२ तासांपर्यंत त्याने चालवलेल्या जनुकांची प्रथिनं बदललेली असतात, त्यांनी आणखी जनुकं हलवलेली असतात, पेशीचक्र सरकलेलं असतं. अशा वेळी कोणत्याही फॅक्टरची यादी निम्मी-निम्मी दिसू लागते. पी-५३ चं उदाहरण नीट लक्षात ठेवावं असं आहे. अनेक वर्षं तो थेट जनुकं दाबतो असं मांडलं गेलं. पुढे दिसलं की पेशीचक्राची पुष्कळ जनुकं तो पी-२१ मार्गे दाबतो: पी-५३ ने पी-२१ चालू करायचं, पी-२१ ने सायक्लिन-आश्रित कायनेज थांबवायची, आणि त्यातून ड्रीम नावाचा संच त्या जनुकांवर बसून ती बंद करायची. पी-५३ ने केलं ते सक्रियीकरणच. दमन दोन पायऱ्या पुढे घडलं.

म्हणून वेळ कमी करा. फॅक्टरच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींना डी-टॅग किंवा ऑक्सिन पद्धतीचा डेग्रॉन (औषध दिल्यावर प्रथिन नष्ट करवणारी शेपटी) जोडला तर प्रथिन एक-दोन तासांत संपवता येतं. ०, ३० मिनिटं, १, २ आणि ४ तास असे नमुने काढून वेस्टर्नने खात्री करा आणि जिथे प्रथिन पुरतं गेलं त्यानंतरच्या पहिल्या तासाभरातला परिणाम मोजा. मोजायचा तो नवा आरएनए: प्रो-सीक, टीटी-सीक किंवा स्लॅम-सीक. एकूण आरएनए मोजलात तर ज्या संदेशांचं आयुष्य आठ-दहा तासांचं आहे ते दोन तासांत हलतच नाहीत, आणि तुम्ही खरी लक्ष्यं गमावता. नियंत्रण म्हणून टॅग नसलेल्या मूळ पेशींना तेच औषध द्या. टॅग लावल्यामुळेच प्रथिन कमी झालेलं नाही ना, हेही पाहा; ऑक्सिन पद्धतीच्या जुन्या रूपात औषध न देताही प्रथिन थोडं गळतं. टॅग लावल्यावर चिप परत करून शिखरं जागेवर आहेत याची खात्री केल्याशिवाय मी पुढचा डेटा वाचत नाही.

डेग्रॉन शक्य नसेल तर निदान एसआय-आरएनएचे दोन-तीन वेगळे वेळबिंदू घ्या, किमान दोन वेगळे क्रम वापरा, आणि फक्त सर्वांत आधी हललेली आणि जवळ शिखर असलेली जनुकं थेट लक्ष्याचे उमेदवार माना. सिद्ध लक्ष्य नव्हे, उमेदवार. आणखी एक खोच: फॅक्टरचं भावंड त्याच पेशीत असेल तर एकट्याला काढून काहीच हलत नाही, कारण दुसरं त्याची जागा भरतं. भावंडांचे मोटिफ बहुधा इतके सारखे असतात की मोटिफवरून नेमकं कोण बसलं आहे हे ओळखता येत नाही. एका पेशीत भावंड आहे, दुसऱ्यात नाही, एवढ्या एका कारणाने 'संदर्भानुसार वेगळा परिणाम' दिसू शकतो.

तिसरा धागा: कोणत्या जनुकावर परिणाम होतो. शिखराला सर्वांत जवळच्या जनुकाशी जोडणं ही सोय आहे, पुरावा नाही. सोनिक हेजहॉग जनुकाचा हातापायांच्या कळीतला एन्हान्सर जनुकापासून सुमारे दहा लाख बेसजोड्या दूर, दुसऱ्याच जनुकाच्या इंट्रॉनमध्ये आहे. जवळचं जनुक धरलं असतं तर उत्तर साफ चुकलं असतं. टॅडच्या (आपापसांत जास्त संपर्क असलेल्या डीएनए-पट्ट्यांच्या) सीमा, हाय-सी किंवा हाय-चिपसारखा संपर्काचा डेटा असेल तर तो वापरा. नसेल तर 'निम्मी वर' गटातली किती जनुकं मुळात चुकीच्या शिखराला जोडली गेली आहेत, हा प्रश्न उघडा ठेवा. शिवाय सगळे प्रमोटर (जनुकाच्या आरंभाजवळचे नियंत्रक तुकडे) सगळ्या एन्हान्सरना सारखा प्रतिसाद देत नाहीत. फळमाशीत घरकामाच्या (जवळपास प्रत्येक पेशीत लागणाऱ्या) जनुकांचे आणि विकासाच्या जनुकांचे प्रमोटर वेगवेगळ्या एन्हान्सरना साथ देतात, हे स्पष्ट दिसलं आहे.

एखाद्या जागेवर फॅक्टर खरोखर काय करतो हे ठरवण्याचा शेवटचा निवाडा मूळ जागेवरच होतो: क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने फक्त मोटिफ मोडायचा आणि त्या जनुकाचं प्रतिलेखन मोजायचं. मोटिफ कापून काढू नका, बदला. सहा अक्षरं काढली की शेजारच्या दोन मोटिफमधलं अंतर बदलतं आणि डीएनएच्या वेढ्यात, म्हणजे साधारण साडेदहा बेसजोड्यांच्या फेऱ्यात, त्यांची तोंडं वेगळ्या दिशांना वळतात. मग परिणाम मोटिफ गेल्याचा की अंतर बदलल्याचा, हे कळत नाही. गाभ्यातली दोन ते चार अक्षरं बदला, दोन वेगळ्या प्रकारे बदला, आणि नव्या क्रमात अनवधानाने दुसऱ्या कोणाचा मोटिफ तयार झाला नाही ना, हे जॅस्पर या मोटिफच्या संग्रहाशी ताडून पाहा. ही चूक जितकी वाटते त्याहून सहज होते. डीकॅस-९ ला (डीएनए न कापणाऱ्या क्रिस्पर-प्रथिनाला) क्रॅब हा दमनकारी भाग जोडून एन्हान्सर दाबणं हा याला पर्याय नाही. त्याने आजूबाजूचा मोठा पट्टाच बंद होतो, त्यामुळे एन्हान्सर लागतो एवढं कळतं. त्यातल्या तुमच्या फॅक्टरचं काम कळत नाही.

एकाच वेळी शेकडो संदर्भ तपासायचे असतील तर एमपीआरए, म्हणजे पुष्कळ डीएनए-तुकड्यांची ताकद एकदम मोजणारी चाचणी, उत्तम. प्रत्येक तुकड्याला किमान दहा बारकोड (ओळखीचे छोटे क्रम) द्या. तुमच्या प्रश्नासाठी कळीची गोष्ट म्हणजे प्रमोटर. अगदी क्षीण मूलभूत प्रमोटर वापरलात तर पायाच शून्याजवळ असतो, आणि त्याखाली दमन दिसायला जागाच उरत नाही. मग प्रत्येक फॅक्टर एकतर सक्रियक दिसतो किंवा काहीच करत नाही. दमन तपासायचं असेल तर मध्यम जोराचा प्रमोटर घेऊन तीच लायब्ररी (तुकड्यांचा संच) पुन्हा चालवा. अंतराचा परिणाम पाहायचा असेल तर दोन मोटिफमध्ये ५ आणि १० बेसजोड्या घातलेली रूपं ठेवा: ५ ने परिणाम गेला आणि १० ने परतला, तर दोन प्रथिनं डीएनएच्या एकाच बाजूला असणं गरजेचं आहे. इंटरफेरॉन-बीटाचा एन्हान्सर असा काटेकोर आहे. पुष्कळ एन्हान्सर मात्र अंतराबाबत बरेच सैल असतात. आणि प्लाझ्मिडवर पेशीतल्यासारखं क्रोमॅटिन नसतं, हे विसरू नका. प्लाझ्मिडवर काम करणारा पण जीनोममध्ये गप्प असलेला तुकडा सापडला, तर त्याचं गप्प असणं क्रमामुळे नाही, जागेमुळे आहे. लेंटिव्हायरसने जीनोममध्ये बसवलेली लायब्ररी हा फरक उघड करते.

तुमच्या हातात आत्ता जो डेटा आहे त्यावर मी या क्रमाने जाईन. शिखरांचा एकत्रित संच करून फरक पुन्हा मोजायचा. वेन-आलेखातला वीस टक्क्यांचा आकडा यात बहुधा वाढेल. किती वाढतो यावरून तांत्रिक वाटा कळेल. मग बदललेल्या जनुकांचे दोन गट करायचे, जवळ शिखर असलेली आणि नसलेली. खाली गेलेल्या गटात शिखरं पार्श्वभूमीपेक्षा ठळकपणे जास्त आणि वर गेलेल्या गटात पार्श्वभूमीइतकीच असतील, तर तुमचा फॅक्टर या पेशींत मुख्यतः सक्रियक आहे आणि वर गेलेली जनुकं दुय्यम परिणामातली, असं मी धरून चालेन. पार्श्वभूमी म्हणून तितक्याच पातळीवर व्यक्त होणारी पण न बदललेली जनुकं घ्या. सगळी जनुकं घेतलीत तर बंद जनुकांमुळे दोन्ही गट फुगलेले दिसतील. दोन्ही गटांत शिखरं सारखीच जास्त असतील, तर मात्र दोन गटांच्या शिखरांखालचे मोटिफ एकमेकांविरुद्ध तपासा. एका गटात जोडीदाराचा मोटिफ ठळक निघाला, तर त्या जोडीदाराचं चिप आणि डेग्रॉनचा प्रयोग यांवर वेळ घालवणं सार्थकी लागेल. काहीच वेगळं निघालं नाही, तर डेग्रॉन आधी करा. जोडीदार शोधायची घाई नको.

फॅक्टरचं नाव, प्रतिपिंडाचा प्रकार, शिखरांतल्या रीड्सचं प्रमाण आणि दोन्ही पेशींतली प्रथिनाची मात्रा, एवढं कळवलंत तर यातल्या कोणत्या पायऱ्या तुम्हाला गाळता येतील ते नेमकं सांगता येईल.